पिवळीचा टर्बो

लातूर
२० फेब्रुवारी २०२५

ती. वीरेशअण्णास,
रविकिरणचा शरणार्थ.

तू फोन उचलत नाहीस. श्रीमंतभाऊंच्या फोनवर केला तर ते म्हणाले, "तो म्हनतो, काय असंल ते कागदावर लिहून पाठव म्हनावं. रव्याचा आवाज नको." बरं बाबा. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलोय, अक्षराला हसू नकोस.

कारण आपली पिवळी गाडी. काल डेंटरकडून घरी आणली. तुझ्या बाजूचं दार नवीन टाकलं, रंग असा जुळलाय की माळेगावच्या पुलाजवळ हिला काही झालं होतं हे सांगूनही कुणाला पटणार नाही. इंजिन लगेच चालू झालं. पण टर्बो गेलाय. दाबली की नुसता किंचाळल्यासारखा आवाज आणि मागे पांढरा धूर. मेस्त्रीनं तो उतरवून हातात दिला आणि म्हणाला, नवाच टाका.

आता नवा कुठला, त्यावर रोज नवी अक्कल ऐकतोय. मेस्त्री म्हणतो मूळ मापाचाच मागवा. पुण्यातला एकजण मोठ्या चाकाचा बसवून देतो, गाडी हवेत उडेल म्हणतो. मुंबईत कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा काढलेला मिळतोय, बाहेरून तर चकाचक दिसतो. मला ह्यातलं काय कळतंय? गाडी बांधली तू. तिच्या पोटातलं तुझ्याइतकं अख्ख्या लातुरात कुणाला माहीत नाही. म्हणून जुना टर्बो खोक्यात घालून ट्रॅव्हल्सनं पाठवतोय. बघ आणि कुठला घेऊ ते कळव. तुझ्या हातून पारखून आला तर जिवाला स्वस्थता.

घाई काही नाही. उगाच उभी राहून गंजायला नको, एवढंच. तू बरा होऊन आलास की चालवशीलच. अव्वा रोज लेकाची आठवण काढते. अप्पांचा आशीर्वाद.

तुझा,
रवी

◆

नांदेड
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रविकिरण,

खोकं पोचलं. उघडलेलं नाही, पलंगाखाली सारून ठेवलंय. जिनं मला असं करून ठेवलं तिचा तुकडा बघायची अजून इच्छा होत नाही.

'बरा होऊन आलास की चालवशीलच.' वा. मला कमरेखाली कुणी चिमटा काढला तर ते मला समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळतं. क्लच कशानं दाबू, दातांनी? दवाखान्यातून अप्पांनी मला 'थोडे दिवस' म्हणून श्रीमंतच्या वर्कशॉपमागच्या खोलीत ठेवलं, व्यायाम शिकवणारा माणूस जवळ आहे म्हणून. आता मी इथे खुर्चीत बसून ट्रकचे टर्बो उघडतो. हात शाबूत आहेत. श्रीमंत मला बेंचजवळ ढकलून नेतो आणि विसरून जातो, मग कुणी येईपर्यंत मी तिथेच.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. टर्बोत दोन चाकं असतात, एकाच दांड्यावर. एक इंजिनच्या धुरावर फिरतं, त्याच्या जोरावर दुसरं बाहेरची हवा ओढून इंजिनच्या घशात कोंबतं. मोठं चाक उशिरा जागं होतं, पण जागं झालं की पाठीत लाथ घालतं. लहान चाक लगेच उठतं, फार लांब नेत नाही. अमुक चांगला, तमुक वाईट असं काही नसतं. चालवणाऱ्याला काय करायचंय ते विचारावं लागतं. तेव्हा कोण चालवणार, कुठे, किती वेगानं, शेजारी कुणी बसणार का, हे सगळं लिही. आणि खरं लिही. अप्पांना परीक्षेचे मार्क सांगायचास तसं नको.

अजून एक काम. उदगीरला सुकन्याच्या घरी जाऊन ये. आमचं लग्न फक्त पुढे ढकललंय, मुलगी थांबायला तयार आहे, असं अप्पा म्हणाले होते. मी तिचेही फोन घेतले नाहीत. आडवा पडून तिच्याशी काय बोलणार होतो? पण आता तिला सांग, पायांना पट्ट्या बांधून दिवाळीपर्यंत कुबड्यांवर उभं करू असं डॉक्टर म्हणतात. साखरपुड्याची अंगठी बोटातच आहे म्हणावं. हे सांगताना तोंड जरा बरं कर, मयताला गेल्यासारखा जाऊ नकोस. मी ह्या एका गोष्टीवर दिवस काढतोय, रवी.

अण्णा

◆

लातूर
९ मार्च २०२५

ती. अण्णास,
शरणार्थ.

सिद्धेश्वराच्या जत्रेत दुकानाला उसंत नव्हती. स्टीलचे डबे तर पुरले नाहीत. त्यामुळे उशीर झाला.

तू विचारलंस त्याचं खरं खरं लिहितो. गाडी मी चालवणार. पळवायची नाही. माणूस चालतो तितकी हळू, मध्येच पाचदहा मिनिटं उभी, परत पुढे, असे दोन-अडीच तास. ऊन असेल, एसी चालू पाहिजे, आणि तापून बंद पडायला नको, सगळ्यांसमोर फजिती होईल. धूर बिलकुल नको, मागेपुढे माणसं असणार. फक्त शेवटच्या चढावर एकदा जोरात उचलली पाहिजे, आवाज करत. तिथे सगळे मोबाईल घेऊन उभे असतील.

तुझी डावीकडची शर्यतीची खोल सीट काढून साधी टाकून घेतोय. तिच्यात साडी आवरत नाही.

हे सगळं अक्षय तृतीयेच्या आत व्हायला पाहिजे.

उदगीरला निरोप दिला. ती मंडळी मजेत आहेत. तू तब्येतीला जप.

रवी

◆

नांदेड
१५ मार्च २०२५

रविकिरण,

माणसाच्या चालीनं अडीच तास जाणारी, घडीघडी थांबणारी आणि डावीकडे साडी बसवलेली गाडी मी आयुष्यात एकाच कामाला बघितलीय. वरातीला. वाचून आधी मला हसूच आलं. रव्या लग्न करतोय आणि सांगायला लाजतोय! मग तारीख वाचली. अक्षय तृतीया. त्या दिवसाचा लग्नाचा हॉल मी धरला होता, माझ्या नावानं. मग 'ती मंडळी मजेत आहेत' हे वाचलं.

तारीख तीच, हॉल तोच, गाडी तीच, मुलगीही तीच. पत्रिकेतलं एक नाव बदललं की झालं. भांड्यांच्या दुकानात वाढलेली माणसं आपण. पोचा आलेलं पातेलं मागे सारून दुसरं पुढे करायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

माझा निरोप घेऊन तू खरंच उदगीरला गेलास का? अंगठीचं सांगितलंस का? की त्यांच्या दिवाणखान्यात चहा पीत स्वतःच्या पोशाखाचं माप ठरवलंस? मी तुला हात जोडून एक काम सांगितलं होतं.

त्या संतापात पलंगाखालचं खोकं ओढलं आणि टर्बो उघडला. म्हटलं हा फोडूनच टाकू. पण आता मी सांगतो ते नीट वाच.

मी पोलिसांना, डॉक्टरांना, अप्पांना एकच सांगत आलो की ट्रकला ओलांडताना अंदाज चुकला, दोष माझा. इतके महिने स्वतःला शिव्या देत झोपलो. हवा ओढणाऱ्या चाकाची पाती टोकाला तुटलीत, उंदरानं कुरतडल्यासारखी. दांडा मोडलाय. टर्बो झिजून मेला तर असा मरत नाही, फिरत्या चाकात काहीतरी कडक गेलं तर मरतो. आणि त्याच्या बाहेरच्या नळीत, कोपऱ्याला, तेलात कालवलेली करडी राख बसलीय. श्रीमंतनं बोटावर घेतली. "हे तं राख हाय बे. इंजिनात राख कुठून येऊन राहिली?" मी ती कागदावर वाळवली आणि नाकाशी नेली. रोज सकाळी आंघोळीनंतर कपाळाला जी लागते तिचा वास मला तेलातूनही कळतो. विभूती आहे ती.

दसऱ्याला सकाळी मी हवेचा फिल्टर धुऊन गच्चीत वाळत घातला होता. बॉनेटखाली नळीचं तोंड उघडं होतं. संध्याकाळी घरी वाहनांची पूजा झाली तेव्हा मी गोलाईच्या बाजारात मित्रांना सोनं वाटत फिरत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फिल्टर बसवला आणि नांदेडला निघालो. तोवर कुणीतरी विभूतीचा अख्खा खडा त्या नळीत टाकलेला होता. हळू चालवत होतो तोवर तो वळणात पडून राहिला. माळेगावच्या अलीकडे ट्रकला ओलांडायला पूर्ण दाबली, तशी हवेच्या ओढीनं उचलला गेला आणि चाकावर आदळला. गाडीतला जीव गेला तेव्हा मी ट्रकच्या अर्ध्यात होतो आणि समोरून बस. उजवीकडे पुलाच्या कठड्यावर घालण्यावाचून इलाज नव्हता.

पूजा कुणी केली, तेवढं एक लिही. मग तुझ्या वरातीचं बघू.

वीरेश

◆

लातूर
२३ मार्च २०२५

अण्णा,

व्हय, लग्न आहे. सुकन्याशीच आहे.

तू मला लई बोललास. बोल. पण मी काही कुणाच्या ताटातलं ओढून खाल्लेलं नाही. उदगीरवाले म्हणाले, मुलगी एकदा तुमच्या घरात दिली ती दिली, थोरला नाही तर धाकटा. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी काय नाही म्हणायला पाहिजे होतं? का? तू तिला काय देणार होतास, खुर्ची ढकलायचं काम? उभ्या जन्माची नर्स करून ठेवली असतीस तिला, आणि वर रोज टोमणे मारले असतेस, ते तर तुला पहिल्यापासून जमतं. तू त्या पुलावर मेला असतास तरी हेच झालं असतं. फक्त सगळ्यांनी तुझ्यासाठी मोकळं रडून घेतलं असतं. तू जिवंत आहेस म्हणून आम्ही चोर.

आणि पिवळीत मी नेहमी डावीकडेच बसलो. एकदा चावी मागितली तर मित्रांसमोर म्हणालास, आधी सायकल नीट चालव. आठवतंय का? नसेलच आठवत.

उदगीरला निरोप घेऊन गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

पूजा अव्वानं केली. विभूतीचा खडा तिनंच नळीत टाकला. मी तिथेच होतो, बघितलं. तिला वाटलं ते गाडीचं तोंड आहे, देवाचं काहीतरी पोटात जाऊ दे. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. अण्णा, तुझ्या पाया पडतो, हे तिला कळू देऊ नकोस. एवढं एक माझं ऐक. ती जगणार नाही.

टर्बोचं तेवढं लवकर कर. दिवस थोडे राहिलेत.

रवी

◆

नांदेड
१ एप्रिल २०२५

रविकिरण,

टर्बो पाठवतोय. मूळ मापाचा, नवा. पुण्याच्या मोठ्या चाकाचं नाव काढू नकोस. ते सुसाट रस्त्यावर जागं होतं, वरातीत नुसतं घोरत पडेल आणि शेवटच्या चढावर तू दाबशील तेव्हा लोक तुझं तोंड बघतील. मुंबईचा जुना कुणाचा मेलेला आहे ते माहीत नाही. हा लहान आहे, पाय ठेवला की उठतो, तापत नाही, धूर सोडत नाही. तुझ्यासारखाच आहे, फार लांब नेणार नाही, पण हॉलपर्यंत नेईल. तेलाची नळी नवी टाकायला सांग आणि पहिल्यांदा चालू करायच्या आधी टर्बोत तेल भरून घ्यायला सांग, नाहीतर दारातच मारशील.

मी वाईट पाठवीन असं तुला वाटलं असेल. माझ्याही मनात आलं होतं. श्रीमंतच्या बेंचवर एक तडा गेलेला होता, वरून घासला तर नवा दिसला असता. पण पिवळी मी बांधलीय. तिला तुझ्या लग्नात धूर ओकायला लावायचं माझ्या हातून होईना.

अव्वाला सांगू नकोस म्हणतोस. सुकन्या घेतलीस, गाडी घेतलीस, आता अव्वाही तुझ्याच बाजूला ठेवायची? खोक्यात तिच्या नावाचं वेगळं पाकीट आहे. शिवून बंद केलंय. उघडू नकोस. तिच्याच हातात दे.

वीरेश

◆

(पाकिटातलं)

ती. अव्वा,

तू विचारत असतेस म्हणे, वीरू एवढा का रागावला, घरी का बोलत नाही. सोबत एक लहान चाक ठेवलंय. पिवळीच्या पोटातलं आहे. पाती कशी तुटलीत बघ. दसऱ्याला तू विभूतीचा खडा नळीत टाकलास तो ह्याच्यावर आदळला, म्हणून गाडी बंद पडली, म्हणून मी असा झालो. इतके दिवस मला वाटत होतं चूक माझी. माझी नव्हती.

तू मला सांभाळावं म्हणून देवाला घातलं असशील. आता हे चाक देवघरात ठेव आणि रोज त्यालाही विभूती लाव. मी चालत येऊन तुझ्या पाया पडणार नाही, तेव्हा वाट बघू नकोस.

वीरू

◆

लातूर
१४ मे २०२५

आदरणीय अण्णा,

तुम्हाला काय म्हणायचं ह्यावर माझं अजून मन बसत नाही. घरात सगळ्यांनी 'अण्णा म्हण' असं सांगितलंय, म्हणून तसं लिहिलं. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत मी तुम्हाला नावानं हाक मारत होते.

आधी माझं सांगते, म्हणजे ते एकदाचं होऊन जाईल. अपघातानंतर मी तुम्हाला केलेला एकही फोन तुम्ही घेतला नाहीत. एकदा नांदेडला येऊन दवाखान्याच्या दारात बसले, तुम्ही आत बोलावलं नाहीत. भेटायचं नाही म्हणतो, असं नर्स येऊन सांगून गेली. थांबू की नको, हे मी कुणाला विचारणार होते? घरच्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. माझ्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. तुमचा अंगठीचा निरोप मला लग्नानंतर कळला, यांच्या कपाटात तुमची पत्रं सापडली तेव्हा. आधी कळला असता तर काय झालं असतं, ह्याचा विचार करायचा नाही असं मी ठरवलंय.

वरात छान झाली. गाडी कुठेही तापली नाही. शेवटच्या चढावर यांनी दाबली तेव्हा लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तुमच्या सीटच्या जागी टाकलेल्या सीटवर बसले होते.

पण लिहायचं कारण सासूबाई आहेत. खोकं आलं तेव्हा हे दुकानात होते म्हणे, ते सासूबाईंनीच उघडलं. तुमचं पाकीट त्यांना मिळालं त्या दिवसापासून त्यांच्या कपाळाला विभूती नाही. सकाळी पूजेला बसत नाहीत. गळ्यातलं इष्टलिंग काढून देवघरात त्या तुटक्या चाकाशेजारी ठेवलंय. तुम्हाला मी काय सांगू, आपल्यात ते अंगावरून उतरवायचं म्हणजे काय असतं! मठातून स्वामी येऊन दोनदा समजावून गेले, तरी त्यांनी ते परत गळ्यात घातलं नाही. लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही त्या भांडारखोलीत होत्या. "माझ्या हातानं कुणावर काय पडाय नको," म्हणाल्या.

परवा मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. तेव्हा बोलल्या. जशा बोलल्या तसंच लिहिते. "म्या तर खडा रव्याच्या हातात दिला गं. म्हन्लं, गाडीच्या कपाळाला लाव. गाडीचं ते झाकण उघडाय मला येतंय व्हय? म्या त्या गाडीला कधी हात लावला न्हाई, भ्या वाटतंय. पर वीरू लिहितोय तर माझाच हात असंल. लिहिनाऱ्याला ठावं असतंय."

त्या हे बोलल्या तेव्हा हे शेजारीच जेवत होते. ताटातून मान वर केली नाही. भाकरी कुस्करत राहिले. नंतर पाणी मागितलं.

मी मूर्ख नाही, अण्णा. यांनी तुम्हाला काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही, पण तुम्ही अव्वांना काय लिहिलंत ते मी वाचलंय. बाकीचं मला जुळवता येतं. पण मला ह्या घरात राहायचंय. ह्याच माणसाबरोबर. म्हणून मी यांना कधी विचारणार नाही, आणि तुम्हीही ते अप्पांच्या किंवा अव्वांच्या कानावर घालू नये अशी माझी विनंती आहे. घातलंत तर त्यांना दोन्ही मुलं गेली.

तरी अव्वांच्या डोक्यावरून हे तुम्हीच उतरवू शकता. त्यांचा विश्वास फक्त तुमच्या लिहिण्यावर आहे. कसं उतरवायचं ते तुम्ही बघा. माझ्या नवऱ्याचं नाव न घेता उतरवा. हे मागणं निर्दयपणाचं आहे हे मला कळतं. तुमच्याकडे मागायचा मला काही हक्क राहिलेला नाही, हेही कळतं.

सुकन्या

◆

नांदेड
२२ मे २०२५

ती. अव्वा,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागचं पत्र मी रागात लिहिलं. ते खोटं होतं. टर्बो परत उघडून बघितला. दोष फिल्टर बसवणाऱ्याचा होता, आणि फिल्टर मी बसवला होता. बसवायच्या आधी नळीत बघायचं असतं, हे मी दहा जणांना शिकवलंय आणि त्या दिवशी मीच बघितलं नाही. तुझा हात तिथे नव्हता. तू म्हणतेस तसंच झालं होतं, तू गाडीला हात लावला नाहीस. लिहिणाऱ्यालाही सगळं ठाऊक नसतं, अव्वा.

ते चाक कचऱ्यात टाक. लिंग गळ्यात घाल. उद्या सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लाव आणि सुकन्याला तुझा फोटो काढून पाठवायला सांग. तो येईपर्यंत मी जेवणार नाही. हे रागात नाही लिहीत.

दसऱ्याला घरी येतो. पुरणपोळी कर. मला जमेल तसं खाली वाकून तुझ्या पायांपर्यंत हात नेईन.

तुझा,
वीरू

◆

नांदेड
२२ मे २०२५

रविकिरण,

अव्वाला वेगळं लिहिलंय. त्यात तुझं नाव नाही. अप्पांनाही कधी कळणार नाही. ह्याला उपकार समजू नकोस. अव्वाला एक मोडलेला मुलगा पुरे आहे.

खडा तू चुकून टाकलास, आळसानं टाकलास की मुद्दाम, हे मी विचारणार नाही. तू खरं लिहिणार नाहीस, आणि लिहिलंस तरी मला ते नकोय. चुकून म्हणालास तर मला तुला माफ करावं लागेल. मुद्दाम म्हणालास तर तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. दोन्ही मला परवडत नाही. मी तिला ते पत्र लिहिलं, माझ्या हातानं, तुझ्या शब्दावर विश्वास ठेवून. ते मला कुणी माफ करणार नाही, मग तू तरी मोकळा का राहावास?

तेव्हा आता आपलं ठरलं ते असं. दसऱ्याला श्रीमंत मला लातूरला आणून सोडेल. संध्याकाळी अव्वा पूजेचं ताट घेऊन बाहेर येईल. बॉनेट तू उघडायचं. फिल्टर सकाळीच काढून ठेवायचा, नळीचं तोंड उघडं ठेवायचं, त्या दिवशी होतं तसं. अव्वा तुझ्या तळहातावर विभूतीचा खडा ठेवेल आणि म्हणेल, कपाळाला लाव. तू सगळ्यांसमोर तीन बोटांनी तीन पट्टे ओढायचे, नीट, सावकाश. मी समोर बसलेला असेन. सुकन्या ताट धरून उभी असेल. आम्ही दोघंही काही बोलणार नाही.

पुढच्या दसऱ्यालाही असंच. त्याच्या पुढच्याही. गाडी विकायची नाही. विकलीस तर त्याच दिवशी अव्वाला तिसरं पत्र जाईल.

पूजा झाली की फिल्टर बसवायच्या आधी टॉर्च माझ्या हातात दे आणि माझी खुर्ची बॉनेटपाशी ढकल. नळीत मी स्वतः बघणार आहे.

अण्णा